अण्णा एकटे येलहंक्याला जातात

आमच्या अण्णांना बसची भीती वाटायची आणि मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी होते. या दोन गोष्टींपैकी दुसरीचा त्रास घराला जास्त झाला, असं आता मला वाटतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. कॉटनपेठेतल्या एका कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. एकदा गच्च भरलेल्या बसमध्ये त्यांची छाती धडधडायला लागली, अंगाला घाम सुटला आणि आपण आता मरतो असं वाटलं. मेले नाहीत, पण तेव्हापासून घरातलं कुणीतरी बरोबर असल्याशिवाय ते बसमध्ये पाय ठेवेनात. कारखाना चालत जाण्याइतका जवळ होता म्हणून निभावलं. मग मालकानं सांगितलं, दसऱ्यानंतर कारखाना येलहंक्याला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हलतोय. येणार असाल तर या, नाहीतर मी दुसरा मास्तर बघतो.

त्याच सुमारास आमच्या कॉलेजच्या फलकावर एक कागद लागला. एका इस्पितळात अशाच भीतीवरच्या उपचारांचा अभ्यास चालू होता आणि त्यांना माणसं हवी होती. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे इंग्रजीत लिहिलेलं काहीही घरी माझ्या शब्दावर खरं मानलं जायचं. मी अण्णांना घेऊन गेले. (म्हणजे आई आली, आणि अण्णांची थोरली बहीण, आमची अक्का, तीही आली.)

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. काही जणांना गोळ्या देणार, काही जणांकडून सराव करून घेणार, आणि कुणाला काय ते चिठ्ठी टाकून ठरणार.

"चिठ्ठी टाकून?" अक्का म्हणाली. "हा दवाखाना आहे की चीट फंड?"

"अक्का, ती शास्त्रीय पद्धत असते," मी हळूच म्हणाले.

"असू दे की. पण मग नारळ तरी फोडा."

अण्णांच्या वाट्याला सराव आला. बाईंनी विचारलं, "बसमध्ये शिरताना भीती किती वाटते? शून्य ते शंभरमध्ये सांगा." अण्णांनी जन्मभर मापंच घेतलेली. थोडा विचार करून म्हणाले, "छातीला अडतीस, पोटाला चाळीस."

सराव पायरीपायरीनं चालला. आधी नुसतं थांब्यावर उभं राहायचं, मग रिकाम्या बसमध्ये बसायचं, मग माझ्याबरोबर यशवंतपूरपर्यंत. भीती वाटली की डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायचा. शेवटची पायरी म्हणजे एकट्यानं येलहंका. "घरचं कुणीही नको," बाईंनी बजावलं. "तुम्ही बरोबर असता म्हणून भीती जात नाही." हे वाक्य मला फार आवडलं. घरी येऊन मी त्यावर छोटंसं भाषण दिलं आणि आई आणि अक्काला देवासमोर शपथ घ्यायला लावली.

ठरलेल्या दिवशी अण्णा निघाले. मग अक्का भाजीला गेली, आई देवळात गेली आणि मी कॉलेजला.

मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर अण्णा मागच्या दारानं बसमध्ये चढले. मी डोक्यावरून ओढणी घेऊन पुढच्या, बायकांच्या दारानं चढले. (मी शपथ घातली होती, घेतली नव्हती. शिवाय माझं जाणं हे निरीक्षण होतं.) शेजारच्या बाईनं पदर पार नाकापर्यंत ओढला होता. तिच्या मांडीवर आमच्या घरचा कॉफीचा फ्लास्क होता.

"आई?"

"तू कॉलेजला गेली होतीस ना?"

"आणि तू देवळात."

"गर्दी होती तिथं," आई म्हणाली.

पुढच्या सीटवरून, मान न वळवता, अक्काचा आवाज आला, "दोघी स्वल्प गप बसा. त्याला ऐकू जाईल."

कंडक्टर आला. कुठं जायचं, विचारलं. अक्का म्हणाली, "मागं तो चौकड्यांचा शर्ट दिसतोय? तो उतरेल तिथलं दे." कंडक्टरनं शर्टाकडं बघितलं, तोंडं झाकलेल्या आम्हां तिघींकडं बघितलं, "सरी", म्हणजे बरं, असं म्हणून येलहंक्याची तिकिटं फाडली. त्यानंतर तो अण्णांकडं जरा कणवेनंच बघायला लागला.

हेब्बाळच्या अलीकडं बस भरली. मी हळूच मागं वळून पाहिलं. अण्णांनी डोळे मिटले होते. ते श्वासाचा सराव करतायत, हे मला पक्कं माहीत होतं. घरी तो मीच करून घ्यायचे. तरीही माझ्या तोंडून "अगं आई, अण्णा..." एवढं निघालंच.

तेवढं पुरलं. "माझा भाऊ, माझा नाराण गेला!" म्हणत अक्का उठली आणि तिनं बस थांबवायला लावली. गर्दीतून वाट काढत आम्ही तिघी मागं पोचलो. अक्कानं पाणी शिंपडलं, आईनं कॉलरचं बटण काढलं, आणि मी "हवा येऊ द्या, हवा येऊ द्या" असं इतक्या कळकळीनं ओरडले, की काय झालंय ते बघायला उरलेली बसही तिथंच गोळा झाली.

अण्णांनी डोळे उघडले.

"काय झालं?"

"तुम्हाला चक्कर आली," आई म्हणाली.

"मी श्वास घेत होतो."

"मग डोळे कशाला मिटायचे?" अक्का म्हणाली.

"तसंच घ्यायचा असतो. तुझ्या भाचीला विचार."

दोघींनी माझ्याकडं बघितलं. मी ओढणी पुन्हा तोंडावर घेतली.

लोक ओरडायला लागले, ऑफिसला उशीर होत होता. कंडक्टर अण्णांना म्हणाला, "सार, या बायका मॅजेस्टिकपासून तुमच्या मागावर आहेत. ओळखता का यांना?"

अण्णांनी हो म्हटलं असतं तर त्यांना आमच्याबरोबर उतरावं लागलं असतं. मग सगळं पुन्हा थांब्यावर उभं राहण्यापासून. आणि दसरा तर तोंडावर आलेला. चेहऱ्यावरून पाणी ओघळत असताना त्यांनी आमच्याकडं एकेक करून बघितलं. मग कंडक्टरला म्हणाले, "गोत्तिल्ल." ओळखत नाही.

आम्हाला हेब्बाळला उतरवलं. बस निघाली. खिडकीत अण्णा दिसले, पुन्हा डोळे मिटून बसलेले. आता मात्र खरोखरच एकटे.

रस्त्याकडेच्या दगडावर बसून आम्ही कॉफी प्यायलो. अक्का म्हणाली, "सख्ख्या बहिणीला ओळखेना गं तो. भीती डोक्यात गेली वाटतं."

"गेली नाही अक्का, उतरली," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भीती किती वाटली? "हेब्बाळपर्यंत फार घट्ट," अण्णा म्हणाले. "तिथून पुढं सैल."

दसऱ्यानंतर पहिल्याच सोमवारी अण्णा डबा घेऊन एकटे येलहंक्याला गेले. आम्ही कुणी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा गेलो नाही. मी बऱ्याच दिवसांनी वेळेवर वर्गात बसले. मॅडमनी विचारलं, चिंतेची लक्षणं कोण सांगेल? मी उभी राहिले आणि एका दमात सांगितली: तळहात ओले, तोंडाला कोरड, पोटात गोळा, आणि काहीतरी वाईट घडणारच याची खात्री.

"शाबास," मॅडम म्हणाल्या. "पाठांतर छान आहे."

पाठांतर कसलं. मी स्वतःकडं बघून सांगत होते.