बापूसाहेब आसेगावात जेवले नव्हते

दौलत गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. शेलूबाजारच्या स्टँडवर सकाळची गाडी लागली होती, मी पेपरांचं पार्सल उतरवून घेत होतो, आणि तो दारात उभा राहून म्हणाला की आसेगावचे इंगोले वारले, कावीळ उलटली, पहाटे पहाटे गेले... मी पार्सल तसंच खाली ठेवलं आणि पहिली जर कोणती गोष्ट केली असेल तर दौलतला एक कचकचीत शिवी हासडली. कंडक्टर बघतच राहिला. काम अर्धवट टाकून निघून जाणाऱ्याला मी शिवीच देतो, मग तो दोस्त का असेना. त्याला जाऊन आता महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं अशी रीत आहे, आणि दौलतबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. जिवंत माणसांच्या बाबतीत माझ्यावर तशी काही सक्ती नाही.

दौलत इंगोले सरकारी प्रसिद्धी खात्यात होता. जीपमध्ये प्रोजेक्टर, पडदा आणि भोंगा घालून गावोगाव फिरायचं, बियाण्यांचे नाहीतर कुटुंबनियोजनाचे सिनेमे दाखवायचे, ही त्याची नोकरी. बी.ए. झालेला, अंगात टेरिलीनचा शर्ट, खिशात कंगवा, आणि आवाज असा की भोंगा बंद पडला तरी चालून जायचं. गरीब बिचारा वगैरे तो अजिबात नव्हता. चांगलाच तोऱ्यात राहायचा आणि अपमान विसरायचा नाही. एका गावच्या पाटलानं त्याला ओसरीवर चढू दिलं नाही, पाणीसुद्धा वरून ओतलं. दौलतनं सिनेमा सुरू व्हायच्या आधी माईक घेऊन पाटलांच्या दिलदारपणाची अशी काही तारीफ केली, आणि शेवटी सांगून टाकलं की आज साऱ्या गावाला पाटलांच्या घरी चहा आहे. सगळा गाव पाटलाच्या ओसरीवर! बौद्धवाड्यातली माणसं सर्वांत पुढं. पाटलाला नाही म्हणता येईना. परत येताना जीपमध्ये दौलत मांडीवर थापा मारून हसत होता. मी रिठदचा, शेतकऱ्याच्या घरचा, शेलूबाजारला पेपरची एजन्सी आणि वार्ताहरकी करणारा. आमची दोस्ती का जमली ते यावरून कळावं. मीही काही विसरत नाही.

मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी वाशीमला जनसंपर्क मित्रमंडळ निघालं. ज्याचं ज्याचं पोट दुसऱ्याची जाहिरात करण्यावर चालतं असे आम्ही सगळे त्यात होतो. खत कंपनीचा एजंट, टॉकीजचा मॅनेजर, बँकेचा एक साहेब, आम्ही दोन-तीन वार्ताहर. अध्यक्ष बापूसाहेब. त्यांचं आडनाव मी लिहीत नाही, वाशीममध्ये ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ते एका सहकारी संस्थेचे जनसंपर्क अधिकारी, खादीचा सदरा, गोड बोलणं, खांद्यावर हात टाकून चालणं. मंडळाचं काम काय, तर ओळखी वाढवणं. दर महिन्याला एका सभासदाच्या घरी स्नेहमेळावा, बाहेरचा एखादा साहेब पाहुणा, थोडी भाषणं आणि मग यजमानाकडं जेवण. पुढचा मेळावा कुणाकडं ते छापील कार्डावर यायचं. ओळखी खरंच वाढत होत्या, खोटं कशाला बोलू. खताच्या एजंटाला तर त्यातून जावई मिळाला. दौलतला मंडळात घेतलं कारण तालुक्यातल्या गावागावांत त्याची उठबस होती आणि मेळाव्याला भोंगा फुकट मिळायचा.

दौलत सगळ्यांकडं जेवला. जेवायचा म्हणजे दाबून जेवायचा, भाजी पुन्हा मागून घ्यायचा, घरधनिणीची तोंड भरून तारीफ करायचा आणि हात धुताना म्हणायचा, आता माझ्या घरी. मग कार्ड यायचं... पुढील स्नेहमेळावा, श्री. दौलत इंगोले, आसेगाव. आणि मेळावा व्हायचा नाही. एकदा बापूसाहेबांची चतुर्थी निघाली. एकदा त्यांच्या सासऱ्याची तब्येत बिघडली. एकदा रस्ता खराब आहे म्हणाले, आणि त्याच आठवड्यात त्याच रस्त्यानं लग्नाला जाऊन आले. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाकडं जेवण, आणि कार्डावर पुन्हा दौलतचं नाव पुढं ढकललेलं. बाकीचे मूग गिळून बसायचे. मी त्याच्याकडं कायम जेवायचो, विमलवहिनींच्या हातची वांग्याची भाजी खाल्ली की दुसऱ्या दिवशी घरची गोड लागत नसे. पण माझ्या जेवण्यानं त्याचं समाधान होणार नव्हतं. त्याला बापूसाहेब पाहिजे होते, आपल्या घरात, आपल्या पाटावर, आपल्या ताटात जेवताना. दुसरं काही त्यानं या मंडळाकडून कधी मागितलं नाही.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी बापूसाहेब स्वतःहून म्हणाले की यंदा नक्की. झालं असं होतं की अकोल्याहून एक मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार होते, आणि त्यांना असल्या सहभोजनाचं फार कौतुक होतं. बापूसाहेबांनी शुक्रवारीच बातमी लिहून माझ्या हातात दिली. आमच्या मंडळाची ही एक खास पद्धत होती, कार्यक्रमाच्या आधीच कार्यक्रम झाल्याची बातमी पाठवायची. पार्सल बसनं जायचं, वेळ लागायचा, आणि शिळी बातमी कोण छापणार? त्यामुळं मेळावा उत्साहात संपन्न झाला, टाळ्यांचा कडकडाट झाला, हे सगळं आम्ही दोन दिवस आधीच लिहून मोकळे. या बातमीत बापूसाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की अध्यक्षांनी श्री. इंगोले यांच्या घरी सर्वांसमवेत भोजन करून समाजापुढं आदर्श ठेवला.

रविवारी मी सकाळीच आसेगावला गेलो. घर सारवलेलं, दारात रांगोळी. वहिनींनी मंगरूळच्या बाजारातून नवी ताटं आणली होती, कुणाला बोलायला जागा नको म्हणून. पुरणाच्या पोळ्या, वांग्याची भाजी, कढी, भजी. दौलतनं तीनदा शर्ट बदलला. दुपार झाली, दुपार कलली... पोरं फाट्यावर जाऊन बसली होती, ती धावत आली. बापूसाहेबांची जीप आली होती म्हणाली, पण वळली नाही, सरळ शेलूबाजारकडं गेली. दौलत म्हणाला, पाहुण्याला दुसरीकडून आणायचं असेल. वहिनींनी भाजी पुन्हा गरम केली. मग संध्याकाळकडं जीपचा ड्रायव्हर एकटा सायकलवर आला आणि मला बाजूला घेऊन खरं ते बोलला. अकोल्याचे साहेब आले नव्हते. सकाळीच त्यांचा निरोप आला. पाहायला साहेबच नाहीत तर मग कशाला जेवायचं, असं बापूसाहेब जीपमध्ये मोठ्यानं म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन शेलूबाजारला हॉटेलात जेवले. माझ्यासाठी त्यांचा निरोप एवढाच होता की बातमी थांबवा, अकोल्याला पेपरच्या कचेरीत फोन लावा.

मी दौलतला सगळं सांगितलं. त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. वहिनी आत होत्या, त्यांनी ऐकलंच.  मग दौलत उठला, आळीतल्या सगळ्यांना हाका मारल्या, नव्या ताटांत पोळ्या वाढल्या, मलाही बसवलं. फोनचं काय, मी विचारलं. तो म्हणाला, "राहू दे. छापून येऊ दे. त्यानं नाई खाल्लं ना? आता त्याले मी साऱ्या जिल्ह्यासमोर खाऊ घालतो." मी फोन लावला नाही. आजही मला त्याचा काडीइतका पस्तावा नाही.

बातमी छापून आली आणि बापूसाहेबांच्या घरी रामायण झालं. आईनं त्यांच्या अंगावर गोमूत्र शिंपडलं म्हणे, न खाल्लेल्या पोळ्यांसाठी! सासुरवाडीनं येणं-जाणं बंद केलं. आणि तिकडं अकोल्याच्या साहेबांनी भर सभेत त्यांची पाठ थोपटली. बापूसाहेब घामाघूम होऊन माझ्या एजन्सीत आले, खुलासा छापा म्हणाले. दौलत तिथंच बसला होता. त्यानं खिशातलं पेन काढलं, कागद पुढं ओढला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सांगा साहेब. जेवले नाई, असं लिहितो. काहून नाई जेवले, तेवढं तुमी सांगा."  कारण सांगावं तर साहेब नाराज, नोकरीचं काय होईल सांगता येत नाही. न सांगावं तर घरी आई. शेवटी तसेच निघून गेले. त्या दिवशी दौलत आणि मी हॉटेलात बसून शेवचिवडा खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

आमचं तिथंच चुकलं, आम्ही हसण्यात राहिलो. बापूसाहेब आमच्यापेक्षा मुरलेले निघाले. आई वारली, सासुरवाडीचा राग निवला, दिवस बदलले, आणि एके दिवशी व्यासपीठावरून ते म्हणाले की मी सुधारणा नुसती बोलत नाही, मी आसेगावात इंगोल्यांच्या घरी जेवलेला माणूस आहे, पेपर काढून बघा. टाळ्या पडल्या. मग प्रत्येक भाषणात ते जेवण यायला लागलं. त्यावर ते एका समितीवर गेले, दुसरीवर गेले, शाल-नारळ घेऊन आले. आमच्याच पोळ्या, आमच्याच तोंडावर... दौलत संतापानं नुसता धुमसायचा. वहिनी तर त्याच्याशी भांडायच्या, की तुम्हीच त्याला फुकट जेवू घातलं. खुलासा करायला तो निघाला तेव्हा मी म्हणालो, थोडं थांब, चांगली वेळ बघून करू. मग त्याची बदली झाली, परत आला तो डोळे पिवळे घेऊन. शेवटचा भेटलो तेव्हा बाजेवर पडून होता, आवाज पार बसलेला. माझं मनगट धरून म्हणाला, "पुंडलिक, ते जेवण त्याच्या तोंडातून वापस काढजो." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

शोकसभा महिनाभरानं वाशीमला झाली, मंडळानंच घेतली. वहिनी पहिल्या रांगेत, पांढरं लुगडं नेसून, पोरीचा हात धरून बसल्या होत्या. बापूसाहेबांनी गळा काढला. दौलत माझा धाकटा भाऊ होता म्हणाले. मग रुमाल डोळ्यांना लावून म्हणाले, "त्या माउलीच्या हातच्या पुरणपोळीची चव अजून माझ्या जिभेवर आहे." सभेत कुणीतरी हुंदका दिला. वहिनींनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी खुर्चीवरून अर्धा उठलो होतो, शेजारच्या टॉकीजवाल्यानं सदरा धरून मला खाली ओढलं, मयताची सभा आहे म्हणाला. आणि त्याच सभेत पुढचा कार्यक्रम जाहीर झाला. येत्या रविवारी आसेगावात, इंगोल्यांच्या घरी, दौलतच्या फोटोचं अनावरण आणि सहभोजन. नागपूरचे पाहुणे येणार, फोटोग्राफर येणार. कार्डंसुद्धा वाटली. वहिनींना कुणी विचारलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी आसेगावला गेलो ते तावातावानंच. म्हणालो, दाराला कुलूप लावा, आपण सगळे रिठदला जाऊ, येऊ देत त्यांना नि बसू देत बाहेर. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"कुलूप कायले लावू? त्या मंडळवाल्यायसारखं मले नाई करता येत. येऊ द्या त्याले. मी सैपाक करतो. पण भाऊ, आधी पेपरात लिहा का तो माणूस माह्या घरी जेवला नाई. पोळ्या केल्या होत्या, ताटं मांडली होती, आन तो आला नाई. ह्यायचं नाव घेऊन लिहा. मंग ये म्हना जेवाले... पहिल्यांदा."

तेव्हा हा खुलासा. त्या वर्षी आसेगाव येथे श्री. दौलत इंगोले यांच्या घरी अध्यक्षांनी भोजन केल्याची जी बातमी माझ्यामार्फत प्रसिद्ध झाली, ती खोटी होती. अध्यक्ष त्या दिवशी आसेगावात पाऊलही न टाकता शेलूबाजारच्या हॉटेलात जेवले. श्री. इंगोले, श्रीमती विमल इंगोले आणि त्यांची आळी दिवसभर वाट पाहत होती. पुरणपोळीची जी चव अध्यक्षांच्या जिभेवर अजून आहे असं ते सांगतात, ती कुठली आहे ते त्यांनी त्या हॉटेलवाल्याला विचारावं.

बापूसाहेब, तुम्ही हे वाचणार, पुरवणीत आपलं नाव शोधायची तुमची सवय मला ठाऊक आहे. रविवारी या. पाट मांडलेला असेल, दौलतचा फोटो समोर असेल, वहिनी वाढायला असतील, आणि दारात मी असेन. आला नाहीत तर मी ते छापीन. आलात आणि ताटाला हात लावला नाहीत, तर तेही छापीन. आणि जेवलात, अगदी पोटभर जेवलात, तर ते मात्र मी कुठंच छापणार नाही.