धापूचा दाखला आणि दुसरी बाजू

मास्टरजी बातम्या वाचता वाचता एकदम थांबले. माईक चालू, लाल दिवा चालू, आणि आवाज नाही.

रेडिओवर याला डेड एअर म्हणतात. घरात चार सेकंद कोणी बोललं नाही तर कळतही नाही. रेडिओवर चार सेकंदांत लोक स्टेशन बदलतात. मी गाण्याचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती पट्टी, वर ढकलली. कमायचा, म्हणजे वाळवंटातलं तंतुवाद्य, वाजायला लागला. काचेपलीकडे मास्टरजी हातातल्या कागदाकडे बघत तसेच बसले होते.

मी आतल्या माईकवरून विचारलं, "मास्टरजी, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?"

"मेधाबेटी," ते म्हणाले, "ही धापू माझी आहे."

हे २०१५च्या जानेवारीतलं. ऑकलंडमध्ये भर उन्हाळा होता. माउंट रॉस्किलमध्ये एका भाजीच्या दुकानावर आमचं छोटंसं हिंदी कम्युनिटी रेडिओ स्टेशन होतं. मी पुण्याहून साउंडचा कोर्स करायला आले आणि इथेच राहिले. स्टेशनवर मी प्रोड्यूसर होते. प्रोड्यूसर म्हणजे जो ऑन एअर बोलत नाही, पण काही चुकलं की ज्याला बोलणी बसतात तो.

शनिवारी दुपारी चार ते साडेचार आमचा 'रेत की चिठ्ठी' हा कार्यक्रम असायचा. त्यात राजस्थानच्या, त्यातही सीमेलगतच्या वाळवंटी भागाच्या बातम्या. कोण कुठल्या पक्षातून कुठल्या पक्षात गेलं, पाण्याचा टँकर कुठे पोचला नाही, गवारीचं पीक कसं आहे, कुठल्या ढाणीवर वीज आली. ढाणी म्हणजे तिकडची वाडी. ऑकलंडमधले टॅक्सीवाले, डेअरी चालवणारे, पार दक्षिण बेटावरच्या हॉर्नबीच्या गोदामात काम करणारी काही मंडळी नेमाने ऐकायची. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान. दूध मिळतं, पण गाय नसते.

कार्यक्रम सादर करायचे भंवरलालजी. सगळे त्यांना मास्टरजी म्हणायचे. बाडमेर जिल्ह्यातल्या खारा तला नावाच्या गावात त्यांनी उभी हयात शाळेत काढली. सत्तरीत मुलाकडे ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात आले. आठवडाभर इंटरनेटवर तिकडचे पेपर वाचायचे आणि स्टुडिओत यायचे ते इस्त्रीचा सफारी आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून. आमचं बोलणं हिंदीत चालायचं. इथे मराठीत लिहिते आहे.

गाणं पाच मिनिटांचं होतं. तेवढ्यात त्यांनी सगळं सांगितलं.

खारा तलाची सरपंचपदाची जागा महिलांसाठी राखीव झाली होती. त्यात त्या हिवाळ्यात नवा नियम आला होता की सरपंच व्हायचं तर आठवी पास हवं. गावात आठवी झालेल्या बायका शोधाव्या लागत होत्या. धापूदेवी ही मास्टरजींची विद्यार्थिनी. त्यांच्या शाळेतून आठवीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. तिला उभं राहायचं होतं. पण तिचे कागद वाळवीने खाल्ले होते. जुन्या शाळेची खोली कधीच पडली होती, आणि नव्या शाळेचे हेडमास्तर म्हणत होते की जुनं रजिस्टर असेल तर दाखला देतो, पण ते माझ्या ताब्यात आलेलंच नाही. सोमवारी अर्ज भरायचा, सोमवारीच छाननी. आज शनिवार. दाखला नाही मिळाला तर दुसरी उमेदवार बिनविरोध. ती दुसरी म्हणजे माजी सरपंचांची सून, संतोष.

यातलं थोडं मास्टरजींना हातातल्या बातमीतल्या दोन ओळींवरून कळलं होतं. बाकीचं गावच्या हुकमारामने पाठवलेल्या मेसेजवरून. मेसेज सकाळीच आला होता, त्यांनी पाहिला आत्ता.

"माईक दे," मास्टरजी म्हणाले. "मी सांगतो सगळ्यांना. धापू आठवी पास आहे, मी शिकवलंय तिला. तिलाच निवडून द्या."

"मास्टरजी, असं नाही करता येणार."

"का? मी खोटं बोलतोय?"

"नाही. पण तुम्ही प्रचार करताय. आणि दुसरी उमेदवार इथे उत्तर द्यायला नाहीये."

"ती तिकडे आहे, धापूही तिकडेच आहे. ऑकलंडमध्ये कोण मत देणार आहे?"

प्रश्न बरोबर होता, पण उत्तरही माझ्याकडे होतं. खारा तलात हुकमारामचं किराणा दुकान होतं. दर शनिवारी सकाळी, म्हणजे आमचे चार तेव्हा तिकडचे साडेआठ, तो मोबाइलवर आमचा कार्यक्रम लावायचा आणि मोबाइल पितळी पातेल्यात ठेवायचा. पातेल्याने आवाज मोठा होतो. गावातली पंधरावीस माणसं चहा पीत ऐकायची. आपला मास्तर सातासमुद्रापलीकडून काय बोलतो याचं अप्रूप होतंच.

तेवढ्यात फोन वाजला. आमचे मालक विनेशभाई. फिजीचे. शनिवारी घरी बार्बेक्यू असला तरी त्यांच्या एका कानात स्टेशन चालू असायचं.

"मेधा, बातम्या अर्ध्यावर सोडून गाणं का लावलंस?"

मी थोडक्यात सांगितलं.

"नो वे! मागच्या वर्षी एका तक्रारीला उत्तरं लिहिता लिहिता माझे महिने गेलेत."

"मतं नाही मागणार. फक्त रजिस्टर शोधायचंय. आपण मनुरेवातल्या हरवलेल्या मांजरांची घोषणा करतोच ना?"

पलीकडे चिमट्याचा आवाज आला. विनेशभाई विचार करत होते किंवा सॉसेज उलटत होते.

"ठीक. रजिस्टर शोधा. पण निवडणुकीचा विषय निघणार असेल तर ती दुसरी बाई लाईनवर हवी. तिलाही तेवढाच वेळ. नाहीतर काहीच नको."

नियमाने ते बरोबर होते. वादाचा विषय असेल तर दुसऱ्या बाजूला बोलायची संधी द्यायची, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पथ्य. मास्टरजींना मात्र ते पटलं नाही.

"तिला कशाला बोलवायचं? ती तर आत्ताच पेढे वाटत असेल."

मनातून मलाही तसंच वाटत होतं. पण मी दुसरं गाणं लावलं आणि हुकमारामला फोन केला. त्याला म्हटलं, माजी सरपंचांच्या घरी फोन नेऊन देता का? तो दुकान तसंच टाकून निघाला. त्याची धाप मला ऐकू येत होती.

चार सतराला आम्ही पुन्हा ऑन एअर गेलो. मास्टरजींनी शहाण्यासारखं मी लिहून दिलं होतं तेवढंच वाचलं. "खारा तलाच्या जुन्या शाळेची रजिस्टरं कोणी पाहिली असतील, कोणाला काही आठवत असेल, तर हुकमारामच्या दुकानात कळवा. त्यात अनेकांचं शिक्षण लिहिलेलं आहे." धापूचं नावही घेतलं नाही.

मग संतोष लाईनवर आली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. फोनवरचा माणूस बोलतो ते आमच्याकडून लगेच बाहेर जात नाही, काही सेकंद मागे राहून जातं. कोणी शिवी दिली किंवा भलतंच बोललं तर तेवढ्यात बटण दाबून ते कापायचं. माझं बोट त्या बटणावर होतं.

प्रश्नही मीच लिहून काचेला लावला होता. मास्टरजींनी तो वाचला. "नमस्कार. तुमच्या गावात निवडणुकीची तयारी कशी चालली आहे?"

"तयारी कसली?" पंचविशीतला आवाज, मागे शेळ्या ओरडत होत्या. "मी एकटीच आहे. एकटीनं पळायचं आणि पहिलं यायचं."

मास्टरजी कागद विसरले. "मग तुमच्यासाठी चांगलंच आहे की!"

"काय चांगलं? बिनविरोध झालं तर उद्यापासून सरपंच कोण? आमचे सासरे. मी फक्त सही करणार. लढत झाली तर मला घरोघर जावं लागेल, बोलावं लागेल. गाव माझं तोंड तरी बघेल."

मी काचेतून मास्टरजींकडे बघितलं. ते खुर्चीत पुढे सरकले.

"आणि ऐका," ती पुढे म्हणाली, "लाईनवर थांबले होते तेव्हा मी आत्ता ऐकलं, तुम्ही रजिस्टर शोधताय. आमच्या चाऱ्याच्या खोपटात एक निळी पत्र्याची पेटी आहे. तिच्यावर शाळेचं नाव आहे. मी रोज तिच्यावर उभी राहून चारा काढते."

मागून एक जाडाभरडा पुरुषी आवाज आला. "बीनणी! फोन ठेव!" बीनणी म्हणजे तिकडे सून.

माझं बोट बटणावर होतं. शिवी नव्हती. खोटंही काही नव्हतं. मी दाबलं नाही.

"ठेवते, बापूसा," ती सासऱ्यांना शांतपणे म्हणाली. "पेटी तिथेच आहे हो, मास्टरजी."

फोन बंद. मास्टरजी माईकसमोर नुसते हसत होते. हसण्याला डेड एअर म्हणत नाहीत, म्हणून मीही काही केलं नाही.

आमच्या दुसऱ्या लाईनचा दिवा चार पंचवीसला लागला. माजी सरपंच स्वतः. रागाने लाल झाले असावेत असा आवाज.

"तुमच्या रेडिओवर माझी बदनामी चाललीय. सगळं गाव पातेल्याभोवती जमून ऐकतंय!"

"काय चुकीचं गेलं, काका? तुम्हाला उत्तर द्यायचा हक्क आहे. आत्ताच बोला," मी म्हटलं. खरोखरच तो हक्क होता. विनेशभाईंना विचारायची गरज नव्हती.

त्यांना बहुधा भांडणाची अपेक्षा होती. एकदम माईकच मिळाल्यावर ते खाकरले. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "शाळेचं छप्पर पडलं तेव्हा ती पेटी कोणी उचलून आणली? मी. पावसापासून, वाळवीपासून कोणी सांभाळली? मी. हे कोणी सांगतं का?"

मास्टरजींनी इतक्या वर्षांच्या मास्तरकीतला सगळा गोडवा आवाजात ओतला. "सरपंचसाहेब, शाळेवर आणि गावावर तुमचे उपकार आहेत. मग हेडमास्तरांना उद्या कितीला पाठवू?"

पलीकडे शेळ्या ओरडल्या, ते पुन्हा एकदा खाकरले.

"या म्हणावं दहाला," सरपंच म्हणाले.

ते पेटीबद्दल विसरले होते की त्यांनी विसरायचं ठरवलं होतं, हे मी ठरवणार नाही. पण सगळ्या गावासमोर पेटी जपल्याचं श्रेय घेतल्यावर ती द्यावी लागणारच होती.

रविवारी आमच्या संध्याकाळी मास्टरजींचा फोन आला. आवाज चढलेला. हुकमारामने रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला होता. कडा खाल्लेल्या, पण धापूची ओळ शाबूत. आठवी उत्तीर्ण. गणितात मात्र काठावर पास. खाली मास्टरजींची स्वतःची सही.

"मी सगळ्यांना सांगत आलोय की ती गणितात हुशार होती," ते म्हणाले. "बरं झालं रेडिओवर नाही बोललो."

सोमवारी सकाळी हेडमास्तरांनी दाखला दिला. धापूने अर्ज भरला, छाननीत तो टिकला, आणि खारा तलात खरीखुरी लढत झाली. हुकमाराम सांगायचा की दोघी दोन दिवस सगळ्या ढाण्या पायी फिरल्या. एका ढाणीवर तर एकाच वेळी पोचल्या आणि एकाच खाटेवर बसून दोघींनी मतं मागितली.

निकाल लागला. धापू एकोणीस मतांनी जिंकली. मास्टरजी आठवड्याची वाट न बघता बस बदलत मनुरेवाहून स्टेशनवर आले, लापशीचा डबा घेऊन. विनेशभाईंनी उभ्या उभ्या दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाले, "स्वीट ॲज!" इथे त्याचा अर्थ फक्त 'मस्त' एवढाच असतो, पण लापशीला तो पुरेपूर लागू होता. घरी माझ्या आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, "आई, डिड द गोट लेडी विन?" शेळीवाली हरली म्हटल्यावर ती खट्टू झाली. मी म्हटलं, थांब जरा.

कारण पुढच्या शनिवारी चारला पाच मिनिटं असताना लाईनचा दिवा लागला. संतोष.

"मी हरले," ती म्हणाली, "पण आता सगळं गाव मला ओळखतं. सासरेही कुठे जातेस म्हणून विचारत नाहीत. नव्या सरपंचांना येऊन चार दिवस झाले, वरच्या ढाणीचा हातपंप अजून बंद आहे. बातमी घेता का?"

मी हातपंप बंद असल्याची हुकमारामकडून खात्री करून घेतली आणि बातमी घेतली. त्याच कार्यक्रमात धापूदेवीला लाईनवर घेतलं. ती म्हणाली, पंप बुधवारपर्यंत सुरू होईल, नाही झाला तर मला पुन्हा फोन करा. बुधवारी झाला. त्यानंतर संतोष आमची खारा तलाची बातमीदार झाली. ती प्रश्न विचारायची, धापू उत्तर द्यायची, मास्टरजी मध्ये बसून दोघींची हिंदी शुद्धलेखनासारखी दुरुस्त करायचे, आणि मी घड्याळ लावून दोघींना सारखा वेळ द्यायचे. गवारीपेक्षा, पक्षांतरांपेक्षा लोकांना हेच ऐकायचं असायचं. हॉर्नबीहून लोक फोन करून विचारायचे, यावेळी कोणाचं पारडं जड?

नव्या लोकांना ट्रेनिंग देताना मी दुसऱ्या बाजूला फोन लावायला सांगते. तो न्यायासाठी लावावा असं नियमात लिहिलंय, आणि ते योग्यच आहे. माझा अनुभव एवढाच की दुसऱ्या बाजूला काय माहीत आहे, हे आपल्याला फोन लावेपर्यंत कळत नाही.