एकही शब्द न कापलेलं पत्रक

पुण्यात कॉलेजला असताना मी टेकडी वाचवण्यासाठी पत्रकं लिहिली, फीवाढीविरुद्ध लिहिली, मेसच्या आमटीविरुद्धसुद्धा एक लिहिलं. पत्रक कसं लिहायचं ते सीनियर्सनी शिकवलं होतं. वाक्य लहान ठेवायचं, वाचणाऱ्याला थेट 'तुम्ही' म्हणायचं, आणि सांगायचं ते पहिल्याच ओळीत सांगून टाकायचं, कारण दुसरी ओळ कुणी वाचत नाही. नोकरी मिळाली, जपानला, तोयोसुच्या एका ऑफिसात येऊन पडले, आणि ही सगळी विद्या फुकट गेली. इथे तक्रार करायची तरी आधी माफी मागावी लागते.

मग मला मंडळ सापडलं. मी एदोगावा भागात राहायचे. तिथे हौशी लोकांचा एक कॉयर होता, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत एकत्र गाणाऱ्यांचा, आणि एक ऑर्केस्ट्राही होता. या दोघांच्या पाठीशी उभं राहणारं पाठीराख्यांचं मंडळ. हॉल मिळवायचा, बाहेरून गाणं-वाजवणं बसवणारा संचालक बोलवायचा, त्याचा खर्च उचलायचा, जाहिरात करायची, सगळं मंडळ करायचं. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एका शनिवारी मंडळाचे लोक स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते, आणि इतकं वाईट पत्रक मी जन्मात पाहिलं नव्हतं. "थंडी वाढत असताना आपण सारे कुशल असाल अशी आशा करतो" इथून सुरुवात. कार्यक्रम कधी आणि कुठे, ते तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत. मी माझ्या मोडक्या जपानीत तिथल्या तिथे सांगितलं, "हे कुणी वाचणार नाही."

वाटणारे गृहस्थ मंडळाचे चिटणीस निघाले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, शिडशिडीत, सदा हसतमुख. म्हणाले, "मग रविवारी या, आणि वाचतील असं लिहून दाखवा."

मी गेले. माझं नाव त्यांना जमेना, म्हणून त्यांनी माझं बारसं केलं: चिराशी-सान. चिराशी म्हणजे इथल्या भाषेत पत्रक, आणि सान म्हणजे आपल्या 'जी'सारखं.

इथे मैफलीला आलेल्या प्रत्येकाच्या हातात दारातच पत्रकांचा जाड गठ्ठा देतात, येत्या महिन्यांत कुठे काय आहे त्याचा. तो गठ्ठा लावायची रीत मला फार आवडली. लांब टेबलांवर ढीग मांडायचे आणि माणसांनी एकामागे एक टेबलांभोवती फिरत प्रत्येक ढिगातलं एकेक उचलत जायचं. प्रदक्षिणाच. माझ्या पुढे बहुतेक वेळा सत्तरीच्या एक बाई असायच्या. फिरताना तोंड मिटून काहीतरी गुणगुणायच्या. एकाच सुराभोवती घुटमळणारं, पुढे न जाणारं.

"हे गाणं आहे?" मी एकदा विचारलं.

"गाण्याच्या खालचं आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही आल्टो, खालच्या पट्टीत गाणाऱ्या. वरच्या बायका पडू नयेत म्हणून खालून धरून ठेवतो."

त्यांना मी काकू म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. "तुझ्या वडिलांच्या भावाची बायको?" त्या म्हणाल्या. "त्याला विचारलंस का? त्याची आधीची बायको काय म्हणेल?"

काकू ईशान्येच्या किनाऱ्यावरच्या. मोठ्या भूकंपानंतरच्या लाटेत घर गेलं आणि त्या इथे मुलीकडे आल्या. त्यांच्या गावातही बायकांचा कॉयर होता. वाचल्या त्या बायका पांगल्या. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मी ते वाचलं. मंडळानं त्या वर्षी काढलेल्या पत्रकात त्यांचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं: ज्यांचा कॉयर लाटेनं नेला, त्यांच्यासाठी आमचा कॉयर उघडा आहे. त्या पत्रकानंतर मंडळाला कसे भराभर पाठीराखे मिळाले ते चिटणीस अभिमानानं सांगायचे. मलाही अभिमान वाटायचा. म्हटलं, बघा, मनात असलं की सरळ लिहिता येतं यांना.

काकूंसाठी रविवार म्हणजे काय होतं ते मात्र त्यांनी स्वतः सांगितलं. मुलीचं घर लहान, भिंती पातळ, शेजारी तक्रारखोर, नातवंडांच्या परीक्षा. "आठवडाभर मी कुजबुजते," म्हणाल्या. "रविवारी छाती भरून श्वास घेते. तेवढ्यावर पुढचे दिवस निघतात." हसत सांगितलं, पण तो विनोद नव्हता.

माझी आणि चिटणीसांची भांडणं दर पत्रकावर व्हायची. मी लिहायचे, "या!" ते लाल पेन्सिलीनं करायचे, "सवड झाल्यास आपली उपस्थिती लाभावी." मी लिहायचे, "हे गाणं तुमचं आहे." ते करायचे, "हे गाणं आपल्याला जवळचं वाटण्याची शक्यता आहे."

"शक्यता कसली, चिटणीस-सान? पत्रक आहे की हवामानाचा अंदाज?"

"चिराशी-सान, वाचणाऱ्याला नाही म्हणायला जागा ठेवावी लागते."

मला हा माणूस मनापासून आवडायचा. आज हे लिहिताना त्या आवडण्याचाच राग जास्त येतो.

एका हिवाळ्यात मंडळानं नवा संचालक आणला. नावाजलेला, बाहेर शिकून आलेला. वसंतातल्या मैफलीत कॉयर आणि ऑर्केस्ट्रा एकत्र येणार होते. तालमींनंतर मंडळाची वडीलधारी मंडळी दार लावून बराच वेळ बसायला लागली. मला वाटलं, कार्यक्रम मोठा, कामं असणारच. मग चिटणीस माझ्याकडे आले. मंडळ श्रोत्यांसाठी खास सभासदत्व सुरू करतंय, म्हणाले. मधल्या रांगेतली राखीव खुर्ची, कोटावर लावायला फूल. ऐकणाऱ्याचं महत्त्व सांगणारं पत्रक हवं. "तुमच्या पद्धतीनं लिहा," म्हणाले. "सरळ."

दोन वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते! एका बैठकीत लिहून काढलं. गाणाऱ्यांचं कौतुक सगळेच करतात, ऐकणाऱ्याचं कोण करतं? ऐकणाऱ्याशिवाय गाणं अर्धं असतं. आणि शेवटी, मोठ्या अक्षरांत: मंचावरची जागा कुणीही भरेल. तुमच्या खुर्चीत दुसरं कुणी बसू शकत नाही.

चिटणीसांनी ते दोनदा वाचलं. लाल पेन्सिल खिशातून निघालीच नाही. खोल वाकून म्हणाले, "यातला एकही शब्द कापायचा नाही."

मी घरी येऊन नाचले. माझ्यासोबत राहणारी ठाण्याची मैत्रीण भाजी चिरत होती. तिला विजयाची बातमी दिली.

"एकही शब्द नाही?" ती म्हणाली. "तुझा? बाई, मग काहीतरी गडबड आहे."

"जळतेस तू."

"जळत नाही. मी इथे तुझ्या आधीपासून आहे. आपलं बोलणं यांना एकदम पटलं की मला घाम फुटतो."

छापून आलेल्या पत्रकांचे खोके घेऊन मी पुढच्या रविवारी तालमीला गेले. कॉयर उभा होता. आल्टोंची मागची अख्खी रांग गायब, तिथल्या खुर्च्या घड्या घालून भिंतीला लावलेल्या. मला वाटलं, फ्लूची साथ असेल. मग काकू दिसल्या. हॉलच्या बाहेर, चहाच्या टेबलापाशी, कागदी पेले मांडत होत्या. त्यांच्या पिशवीतून माझं पत्रक डोकावत होतं. माझे खोके तर अजून फोडलेलेसुद्धा नव्हते.

"वाचलं," त्या म्हणाल्या. "छान लिहिलंस."

"तुम्हाला कुठून मिळालं?"

"चिटणीस घरी येऊन देऊन गेले. आम्हा सगळ्या वयस्करांना. सोबत फूल आणि संत्र्यांची टोपली." पेले मांडणं चालूच. "संचालकांना आवाज कमी हवे आहेत. आणि तरुण. म्हातारपणी आवाज थरथरतो, ते खरं आहे."

"तुम्हाला काढलं?"

"छे, कुणी काही म्हणालं नाही. ते आले, बसले, फुलांबद्दल बोलले, पत्रक ठेवून गेले. ते वाचल्यावर कळलं." मग माझ्याकडे बघून, अगदी मायेनं म्हणाल्या, "तसं स्पष्ट इथे कुणी लिहिलं नसतं."

मंचावरची जागा कुणीही भरेल. हे वाक्य मी कुठल्या तरी अनोळखी, आळशी, टीव्हीसमोर बसणाऱ्या माणसासाठी लिहिलं होतं. जे यांना स्वतःच्या तोंडानं बोलवत नव्हतं, ते यांनी माझ्या तोंडून वदवून घेतलं आणि सोबत संत्री दिली.

चिटणीस कॉरिडॉरमध्ये भेटले. मी आवाज खाली ठेवला नाही.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत कुणासाठी लिहायचं ते."

"श्रोत्यांसाठी. तसंच सांगितलं होतं."

"काकू श्रोता नाहीत! त्या आल्टो आहेत."

"चिराशी-सान, कुणी कुणाला काढलेलं नाही. त्यांनी मान स्वीकारला."

"मग आत्ता आत जाऊन त्यांना म्हणा, तुमची जागा आहे, या."

ते जमिनीकडे बघत राहिले. "आता तसं म्हटलं तर त्यांनाच अवघड होईल."

"आणि त्यांचा फोटो छापला होतात तो? कॉयर उघडा आहे म्हणून?"

"ती वेळ वेगळी होती," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. तेच मला सहन होईना. डोळ्यांत पाणी आणून माणूस बाहेर काढता येत असेल तर त्या पाण्याला काय अर्थ?

मला एकच गोष्ट येते, ती मी केली. नवं पत्रक लिहिलं. 'या मैफलीत कोण गात नाहीये?' अशी पहिली ओळ. मैफलीच्या दिवशी दारात उभी राहून वाटणार होते. आधी काकूंना दाखवावं म्हणून त्यांना त्यांच्या घराजवळच्या बागेत गाठलं. त्यांनी बाकावर बसून ते शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घातली आणि परत माझ्या हातात दिलं.

"नको."

"काकू, गप्प बसलात तर हे दरवर्षी असंच करतील."

"करतील."

"तुम्हाला राग येत नाही?"

"येतो. पण माझ्याबद्दल एकदा कागद वाटून झालेत. माझी लाट सगळ्यांनी वाचली. आता माझं म्हातारपणही वाचायला देऊ?" त्या उठल्या. "आणि मंडळाशी वाकडं आलं तर रविवारी मी जाऊ कुठे? मुलीच्या घरात बसून तुझी पत्रकं वाचू?"

मी घडी पिशवीत टाकली. मी पत्रक वाटलं नाही. मला अजून वाटतं, वाटायला हवं होतं. मला हेही वाटतं, की त्या माझ्या बाजूनं उभ्या राहायला हव्या होत्या. भांडण त्यांचंच होतं आणि त्यात मी एकटी.

मैफलीला हॉल भरला होता. काकू मधल्या रांगेत, कोटावर फूल. मी बाजूनं त्यांच्याकडेच बघत होते. मला वाटत होतं, निदान ओठ हलतील. हलले नाहीत. हात मांडीवर, पाठ सरळ, जणू कुणीतरी तपासायला येणार आहे.

संपल्यावर मी त्यांना दारापाशी गाठलं. "कसं झालं?"

"आल्टो पातळ पडले," त्या हळूच म्हणाल्या. "वरच्या मुली भ्यायल्या होत्या. शेवटच्या भागात त्यांना खाली कुणी नव्हतंच."

तेवढ्यात चिटणीस आले, घामाघूम, आनंदात. काकू लगेच वाकल्या. "फार सुंदर झालं. ऐकायला मिळालं हे माझं भाग्य."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "खोटं आहे हे. आत्ता मला म्हणाल्या, आल्टो पातळ पडले. पडणारच, चिटणीस-सान, तुम्ही त्यांना चहाच्या टेबलापाशी उभं केलंत. मी मंडळ सोडतेय. आणि माझं पत्रक पुन्हा छापायचं नाही."

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मला वाटलं, आता तरी काकू काहीतरी म्हणतील. नुसतं 'हो' म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

त्या चिटणीसांकडे वळल्या आणि पुन्हा वाकल्या, आधीपेक्षा खाली.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "ती अजून लहान आहे. मी सांगेन तिला."

"छे छे," चिटणीस म्हणाले, "आमचंच चुकलं, आम्ही त्यांच्यावर फार कामं टाकली."

"नाही नाही, तुम्ही तिला किती सांभाळून घेतलंत."

दोघं एकमेकांपुढे वाकत राहिले, माझ्याबद्दल एकमेकांची माफी मागत राहिले. मी तिथेच उभी होते.