चार बोटं मोठं सुकाणू

रियाधमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये म्युझियमसाठी लाकडी दरवाजे आणि काचपेट्यांचे सांगाडे बनतात. मागच्या वर्षी विमान आलं. म्हणजे विमानाचे नकाशे आले. शंभर वर्षांहून जुनं, लष्करासाठी केलेलं, एकावर एक दोन पंखांचं, लाकूड आणि कापडाचं. तसं एकच बनलं होतं. लष्कराने ते नापास केलं. त्याची हुबेहूब प्रतिकृती करायची होती. उडवायची नाही, छताला टांगायची.

काम माझ्याकडे आलं, कारण मी होड्या बांधणाऱ्या घरातला. रत्नागिरीकडे खाडीवर अब्बा मचवे बांधायचे. सातवीत शाळा सोडून मी त्यांच्या हाताखाली गेलो. अब्बांनी कागद कधी वापरला नाही. फळी बसवायची, चार पावलं मागे जायचं, एक डोळा मिटून बघायचं. नजरेला खटकलं की तासायचं. मीही तेवढंच शिकलो.

नकाशावरचे आकडे मला कळतात. कडेला इंग्रजीत लिहिलेलं वाचता येत नाही, आणि हे वर्कशॉपमध्ये कुणाला माहीत नव्हतं. नकाशासमोर उभा राहून मी मान हलवायचो. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दोन महिन्यांत संपत होता आणि इजिप्तच्या फोरमनने बजावलं होतं, "हवाई जहाज पास, इकामा पास. नहीं तो खलास, घर जाओ." बायकोला यातलं काही बोललो नव्हतो.

पंख झाले, अंग झालं. शेपटीशी आलो आणि हात थांबला. शेपटीचं उभं सुकाणू फारच लहान. एवढ्या लांब अंगाला एवढंसं सुकाणू लावून होडी वळायची नाही, विमान कसं वळेल? नकाशा काढणारा चुकला असणार. पण विचारायला जावं तर "कडेला लिहिलंय ना" असं कुणी म्हणायचं. मी कुणाला न विचारता सुकाणू चार बोटं जास्त रुंद केलं. चार पावलं मागे गेलो, एक डोळा मिटला. छान दिसलं.

म्युझियमकडून तपासायला यायचे ते इंजिनियर साहेब नाशिकचे. त्यांनी टेप लावला. पुन्हा लावला.

"मिस्त्री, हे वाढलं कसं?"

"साहेब, लहान होतं. वळलं नसतं."

"नव्हतंच वळलं. म्हणून तर नापास झालं. इथे लाल शाईत लिहिलंय, सुकाणू लहानच ठेवा, सुधारू नका. वाचलं नाहीत?"

फोरमन शेजारीच उभा होता, पण त्याला मराठी येत नाही. तेवढ्या आडोशाने मी बोलून टाकलं. "साहेब, मला इंग्रजी वाचता येत नाही. सातवीपर्यंतच शिकलोय. याला सांगू नका."

साहेबांनी टेप गुंडाळून खिशात टाकला.

"ज्यांनी बनवलं त्यांनी पहिल्यांदा उडवलं, तर धड सरळ जाईना की वळेना," ते म्हणाले. "मग सुकाणू मोठं केलं, तर शेपूट जड झाली. पुढे वजन घातलं, तर उतरताना चाकं मोडली. शेवटी लष्कर कंटाळलं. आपल्याला पहिल्या दिवसाचं हवंय. तुम्ही दुसऱ्या दिवसाचं करून बसलात."

"क्या बोलता है?" फोरमनने विचारलं.

"पूँछ फिर से बनेगी. नोट मुझे समझाना चाहिए था, मैंने नहीं समझाया."

फोरमनने घड्याळ बघितलं. "यल्ला, यल्ला." म्हणजे चला, आटपा.

पुढचे आठ-दहा दिवस साहेब चहाच्या वेळी यायचे. एकेक ओळ वाचायचे, मी खाली पेन्सिलीने मराठीत लिहून घ्यायचो. एवढ्या मोठ्या माणसाने माझ्यासाठी चहा थंड करावा! त्यांचे उपकार मी विसरणार नाही. लहान सुकाणू करायला मोठ्याहून जास्त वेळ लागला. हात सारखा रुंदीकडे जायचा, सारखं माप लावून बघावं लागायचं.

विमान पास झालं. इकामा हातात आला त्या संध्याकाळी बायकोला फोन करून सगळं सांगितलं.

"आधी बोलला असतात तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" ती म्हणाली. मग म्हणाली, "उडतं तरी का ते?"

"नाही. तेव्हाही नीट उडलं नव्हतं."

"आणि तुम्हाला येत असून नीट केलं नाहीत?"

"केलं होतं. परत बिघडवायला लावलं."

ती इतकी हसली की आमच्या खोलीतला शेजारच्या खाटेवरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला.