बायाईले भाकर भेटली का?

या पानावरचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसले आहे. पांढरी साडी, उलटे पाय... चालू द्या तुमचं! आमचं बौद्ध घर. भूत हा शब्द काढला तरी बाबा चिडायचे — "आपल्यात असलं काई मानत नाईत." मीही कधी मानलं नाही. आजही मानते असं नाही. पण ही एक गोष्ट आहे, तिचं काय करायचं ते मला कळत नाही.

चंद्रपूरकडच्या सावली तालुक्यात आमचं गाव. नाव नको. गावातून एसटीच्या रस्त्यावर यायचं तर मधे अर्ध्या तासाची पायवाट. आधी धानाची शेतं, आमच्याकडच्या बांध्या, मग सागवान, मग नाल्याजवळ बांबूची दाट बेटं, आणि ती ओलांडली की डांबरी रस्ता. वाघाचा वावर तेव्हाही होता, आताही आहे. म्हणून आमच्याकडे रानातून गप्प जायचं नाही. मोठ्याने बोलत जायचं, म्हणजे जनावराला चाहूल लागते आणि ते बाजूला होतं. अचानक समोरासमोर आलं तर संपलं.

मी सावलीच्या एका छोट्या कॉलेजात बीए करत होते. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी. पहिल्या वर्षी कल्पना सोबत होती, माझी शाळेपासूनची मैत्रीण. दोघी भांडत-हसत जायचो, वाघाची काय बिशाद! दुसऱ्या वर्षी तिने कॉलेज सोडलं आणि मोहर्लीला, जंगल सफारीच्या एका रिसॉर्टवर कामाला लागली. मी एकटी उरले. एकटीने काय बोलायचं? गाणी म्हणून पाहिली, दोन दिवसांत कंटाळा आला. मग आदल्या दिवशी वर्गात झालेला भाग मोठ्याने सांगत जायला लागले. झाडांना इतिहास! हसा खुशाल, पण पाठांतर छान व्हायचं.

वर्गात तरी कोण होतं? पटावर नावं पुष्कळ, बाकावर मी आणि कधीमधी आणखी दोघं. इतिहासाचे सर खिडकीकडे बघत शिकवायचे आणि तास संपला की निघून जायचे. डबा एकटीने खायचा. कधी संध्याकाळी लक्षात यायचं, की आज दिवसभरात आपण जे काही बोललो ते रानातच.

हिवाळ्यात कल्पनाचा फोन आला. "इथी एक जागा खाली हाये. राह्याचं-खायाचं इथीच. एकटी काय करून राह्यली तू तिथी? बीए करून कोणाचं भलं झालं?" बाबांना पटलं. मलाही सुटल्यासारखं वाटलं... आणि तरी अंथरुणात तोंड लपवून रडले.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडते असं सांगायलाच निघाले होते. मन इतकं जड झालेलं, की बोलत जायचं हेच विसरले. सागवान संपलं, बांबू लागला. लख्ख ऊन होतं. डाव्या हाताला, बांबूच्या पलीकडून, अगदी साध्या आवाजात कोणीतरी विचारलं —

"मंग? थ्या बायाईले भाकर भेटली का नाई?"

बाईचा आवाज. वयस्क. शेजारीण ओट्यावरून चौकशी करते ना, तसा.

आदल्या दिवशी मी फ्रेंच राज्यक्रांती सांगत आले होते. पॅरिसच्या बाया भाकरीसाठी पावसात चालत राजाच्या महालावर गेल्या, इथपर्यंत आले आणि बस दिसली म्हणून पळाले होते.

"कोण आहे?" मी ओरडले. पानही हललं नाही. पळावं तर पळवेना. आणि तोंडातून निघालं काय, तर — "मले नाई माहीत." खरंच माहीत नव्हतं. नोट्समध्ये पुढचा मुद्दा थेट 'राजाला पॅरिसला आणले' असा होता. भाकरीचं पुढे काय झालं, याबद्दल एक ओळ नव्हती. "विचारून सांगीन," म्हटलं आणि धूम ठोकली.

कॉलेजात ऑफिसच्या दारापर्यंत गेले. तिथून मागे फिरले, वर्गात जाऊन बसले आणि सरांना तो प्रश्न विचारला.

सर थांबले. "हे कोणी विचारायला सांगितलं?"

"कोणी नाही, सर."

त्यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघत तासभर बोलले. मिळाली म्हणाले, पण थोडेच दिवस. मग पुन्हा महागाई, पुन्हा रांगा, पुन्हा बाया रस्त्यावर. जाताना म्हणाले, "उद्या येशील ना?" मी हो म्हणून बसले! कल्पनाला काय सांगायचं याचा विचारही केला नाही.

परत येताना ऊन उतरलं होतं. बांबूजवळ आले. पळून जावंसं वाटत होतं, पण सांगीन म्हटलं होतं ना... उभी राहिले आणि जे ऐकलं ते सगळं सांगितलं. "भेटली, पण पुरली नाई," असं शेवटी म्हटलं.

पलीकडून हुंकार आला. गोष्ट ऐकणारं माणूस देतं तसा. "हूंऽ."

घरी सगळं सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी बाबा मला आणि आमच्या भागातल्या वनरक्षक भाऊंना घेऊन तिथे गेले. बांबूच्या पलीकडे नाल्यातली रेती ओली होती, तिच्यावर ना माणसाचं पाऊल ना जनावराचं. "इकडं सरपणाले बी कोणी येत नाई, पोरी," भाऊ म्हणाले. "तुले भास झाला असंल." असेल बुवा. पण मला न सुचलेला प्रश्न माझ्याच भासाला कसा सुचला? आई मात्र चुलीपुढून एवढंच म्हणाली, "विचारलं त् विचारलं. तू सांगत जाय."

सांगत गेले. बीए पूर्ण केलं. प्रश्न पुन्हा कधी आला नाही. हुंकार कधी यायचा, कधी नाही, आणि बांबूत वारा शिरला तरी आवाज होतो, तेवढं मलाही कळतं. शेवटच्या पेपरनंतर तिथे थांबून म्हटलं, "झालं माझं. उद्यापासून मी नाई येणार." काहीच आलं नाही. तीन वर्षांत एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

आता चंद्रपूरला एमए करते, हॉस्टेलवर राहते. ती कोण होती, होती तरी का... मला उत्तर सापडलेलं नाही. मैत्रिणी विचारतात, भीती नाही वाटली? वाटली ना! पण परवा सेमिनारमध्ये माझा पेपर वाचून झाला, टाळ्या पडल्या, इथल्या सरांनी "कोणाला काही विचारायचंय?" म्हटलं, आणि भरल्या वर्गात एकानेही मान वर केली नाही. तेव्हा तिची इतकी आठवण आली, की जागेवर येऊन बसल्यावर मला डोळे पुसावे लागले.