पाहुण्याचं सामान

ती घटना आजही मला जशीच्या तशी आठवते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा दौंड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत महामार्गालगत एका डॉक्टरांचं छोटं खासगी रुग्णालय होतं. एका दुपारी तिथल्या ड्रेसिंगच्या खोलीत आग लागली. अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्राची वायर जुनाट, जागोजाग चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि शेजारीच कापूस नि स्पिरिट. मग काय व्हायचं ते झालं. साखर कारखान्याचा बंब येईपर्यंत वॉर्डात धूर कोंडला होता. बाळंतिणी आणि त्यांची बाळं वाचली. मांडीचं हाड मोडल्यामुळे पायाला वजन लावून झोपवलेले एक म्हातारे धनगर मात्र आतच गुदमरून गेले.

डॉक्टर तेव्हा जेवायला घरी गेले होते आणि नर्सही बाहेर होती. वॉर्डात फक्त एक आया होती. ही बाई कवठे येमाईकडची, विधवा, एका मुलीचं लग्न ठरत आलेलं. डॉक्टरांनी जबाब दिला की आग विझवायची सिलिंडर हाताशी असताना ती घाबरून पळाली. मृताच्या मुलाने तशीच फिर्याद दिली. हलगर्जीपणाने मृत्यूचं, तीनशे चार अ कलम लागलं आणि आम्ही बाईला चौकशीला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा केला तेव्हा लाल सिलिंडर वॉर्डाच्या भिंतीवर ओळीने टांगलेली होती. मी स्वतः पाहिली, पंचांनी पाहिली. आणि बाई एकच वाक्य धरून बसलेली.

"सायेब, तवा डबं न्हवतंच भितीला."

"अहो, मी आत्ता बघून आलो. आहेत तिथं."

"आत्ता असतील. तवा न्हवतं."

खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो, हा माझा अनुभव. ही बाई एक शब्द वाढवत नव्हती. पण नुसत्या अनुभवावर तपास चालत नाही. बाहेर मृताचा मुलगा ओरडत होता, "माझा बा आत तडफडत व्हता आन् ही पळाली. हिला सोडू नका." बाईच्या गावापर्यंत बातमी गेली होती. मुलीच्या होणाऱ्या सासरकडून निरोप आला होता की बोलणी थांबवा. हे ऐकूनही ती रडली नाही, पदर घट्ट आवळून बसून राहिली. मला तिची दया आली, पण डोळ्यांनी पाहिलेली सिलिंडर कशी नाकारणार?

चौफुल्यावर एका आप्पांचं चहाचं हॉटेल होतं. आमच्या खात्याला चहा आणि बातम्या दोन्ही तिथूनच मिळत. संध्याकाळी मी तिथे टेकलो तर आप्पा कप पुढे ठेवत म्हणाले, "सायेब, आगीच्या दिशी सांजच्याला हितं एक जीप थांबली व्हती. शिरूरकडनं आलेली. माघं लाल डबं भरल्यालं. म्या डायवरला इचारलं, ह्ये काय रं? तर म्हणला, पाव्हण्याचं सामान हाय, माघारी द्याया चाललोय."

मी चहा तसाच सोडला आणि पंचांना घेऊन पुन्हा रुग्णालयात गेलो. वॉर्डाच्या भिंती छतापर्यंत काजळीने माखल्या होत्या आणि सिलिंडर लख्ख लाल. हे मी सकाळीही पाहिलं होतं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की पुसून घेतली. आता मी एक सिलिंडर हुकावरून उतरवलं. चुलीमागचं कॅलेंडर काढलं की भिंतीवर पांढरा चौकोन दिसतो, तसा, आगीच्या वेळी सिलिंडर तिथे असतं तर, त्याच्या मागे पांढरा पट्टा दिसायला हवा होता. तिथली भिंत बाकीच्या भिंतीइतकीच काळी होती. दुसरं उतरवलं, तिसरं उतरवलं, सगळीकडे तेच. फोटोग्राफर बोलावून फोटो काढले आणि जागेवरच दुसरा पंचनामा केला.

जीपचा ड्रायव्हर शिरूरच्या एका रुग्णालयाचा निघाला. तिथले डॉक्टर आमच्या डॉक्टरांचे साडू. त्या दिवशी शिरूरला नोंदणीच्या नूतनीकरणाची तपासणी होती, म्हणून दौंडची सिलिंडर सकाळीच तिकडे गेली होती. तपासणी पथक शिरूरला ती पाहून समाधानाने मान डोलावत होतं, त्याच दुपारी इकडे वॉर्ड पेटला. संध्याकाळी ती परत आली आणि धावपळीत कोणीतरी गुपचूप टांगून टाकली.

शिरूरच्या डॉक्टरांना मी ठाण्यात बसवलं. बोलायला मोकळे, शिकलेले गृहस्थ. त्यांना घाम वगैरे काही आला नव्हता.

"साहेब, गावात लग्न निघालं की भावकीतून पातेली, पराती आणतातच ना? काम झालं की परत. तसंच आहे हे. माझी तपासणी असली की त्यांची आणतो, त्यांची असली की माझी जातात. यात गुन्हा कसला?"

"आणि तुमची कुठं आहेत?"

"दोघांचा मिळून एकच सेट आहे," ते म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. आपण काय बोलून बसलो हे त्यांना तिथे उमगलं असावं. आमच्या भागात मागून आणणं आणि परत देणं हा चांगुलपणा समजतात, आणि एरवी तो असतोही. त्यांनी तोच हिशेब आगीला लावला होता.

दौंडच्या डॉक्टरांना फोटो दाखवल्यावर ते फार वेळ टिकले नाहीत. खुर्चीत मान खाली घालून म्हणाले, "हॉस्पिटल बंद पडलं असतं माझं. बाईंना मी वाऱ्यावर सोडणार नव्हतो. वकील दिला असता, घर चालवलं असतं."

मला राग आवरेना. इतकी वर्षं नोकरी केली, दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले, पण दुसऱ्याच्या अब्रूची अशी सोय लावणारा माणूस विरळाच.

दोघा डॉक्टरांवर गुन्हा नोंदवला आणि बाईचं नाव आरोपीतून कमी करण्याचा अहवाल पाठवला. मग मृताच्या मुलाला बोलावून भिंतीचे फोटो दाखवले, सगळं समजावून सांगितलं. फोटो टेबलावर ठेवून तो उठला. बाई तिथेच बाकावर बसली होती. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. हात उगारतो की काय म्हणून आमचा हवालदार पुढे सरकला.

तो म्हणाला, "मावशे, माझा बा काय बोलला का?"

बाई पहिल्यांदा रडली. "म्या वजन सोडाया गेले तर मला ढकललं त्यांनी. म्हणलं, पोरी, आधी ती लेकरं भाईर ने, मी हाय हितं. लेकरं काढून माघारी आले तवा दारातनं आत शिरता येईना."

"हे आधी का सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"मेल्या माणसाचं बोलणं माझ्या तोंडून कुणाला खरं वाटलं असतं सायेब?"

मुलगा खाली बसला आणि तिच्या पायांवर डोकं टेकवलं. पुढे तिच्या मुलीची थांबलेली बोलणी जुळवायला तोच गेला, असं मला आप्पांकडून कळलं.

रीतसर खटला चालला, दोन्ही डॉक्टरांना शिक्षा झाली. त्यानंतर मी कुठल्याही दवाखान्यात गेलो की सिलिंडर हलवून बघतो, घरचे मला हसतात. हसू देत. कायद्यात निष्काळजीपणाला कलम आहे. पण त्या दुपारी एक तरी सिलिंडर भिंतीला असतं, तर लेकरं आधी की म्हातारा आधी, हे त्या बाईला ठरवावं लागलं नसतं. ते तिला ठरवायला लावलं, त्याचं कलम मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.