यानच्या नावाचा भात

अंगकोरला येणारे पाहुणे दगडातल्या अप्सरा बघतात. त्यांच्या पायाशी बसून फटींतलं गवत उपटणाऱ्या बायका फोटोच्या कडेला येतात आणि कापल्या जातात. यानमावशी त्यांच्यातली एक. साठी ओलांडली तरी रोज सकाळी खुरपं घेऊन हजर. एकदा मी टुकटुकमध्ये गिऱ्हाइकांची वाट बघत बसलो होतो आणि वेळ जाईना म्हणून तिला विचारलं, "मावशी, हे देऊळ कुठल्या राजाचं गं?"

"जो कधी गवत उपटायला आला नाही, त्याचं," ती म्हणाली.

अशी तिखट. आमच्या शेजारीच राहायची, लग्न केलेलं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिचं सगळं आयुष्य एका माणसावर अडून राहिलं होतं, तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ रिन. काळे कपडे घालणाऱ्या क्रांतिकारकांची राजवट होती तेव्हा ते पोरांच्या टोळ्या कालवे खणायला न्यायचे. रिनला तसंच पश्चिमेकडे नेलं. तो चौदाचा होता. त्याच वर्षी आईवडील उपासमारीनं गेले. ती राजवट पडल्यावर मावशीनं त्याला खूप शोधलं, रेडिओवर नाव सांगितलं. कुणीच आलं नाही. मग तिनं त्याला मेलेला धरलं. हाडं नाहीत, जागा माहीत नाही.

आमच्या पितरांच्या पंधरवड्यात मेलेली माणसं सात विहारांत आपल्या माणसांचा भात शोधत फिरतात. कुठंच मिळाला नाही तर शाप देऊन जातात म्हणे. मावशीला शापाचं काही नव्हतं. "तो तसाही शिव्याच द्यायचा," म्हणायची. पण तो उपाशी फिरत असेल हे तिला सहन व्हायचं नाही. म्हणून दरवर्षी रजा काढून ती माझ्या टुकटुकमध्ये बसायची आणि आम्ही पश्चिमेकडचे सात विहार करायचो, दरवर्षी बदलून. भर पावसात, चिखलातून. मी कुरकुरायचो. "तुझ्या तोंडात भाताचा गोळा कोंबेन," ती म्हणायची.

भात टाकायचा तो पहाटे, उजाडायच्या आत. भुतांना उजेड सोसत नाही, त्यामुळे दिवा नाही. सगळा गाव अंधारात विहाराभोवती फिरतो, गोळे टाकतो, शेजारी कोण आहे ते दिसत नाही. उजाडल्यावर जेवणं येतात आणि आचार्य कर्ण्यावरून ज्याच्या त्याच्या मेलेल्यांची नावं वाचतो. मावशी ती ऐकायला कधी थांबली नाही. "नावं जिवंतांना ऐकायला असतात. मेलेल्याला भात लागतो. चल, पुढचा विहार." असं म्हणून ती गाडीत बसायची.

यंदा तिसरा विहार बाटंबांग शहराजवळचा होता, ज्याच्या मागं जुनं पडकं देऊळ आहे तो. तीन वर्षांपूर्वीही आलो होतो. भात टाकून निघालो आणि फाटकातच माझ्या गाडीची साखळी तुटली. गावातला एकुलता एक मेकॅनिक विहारातच बसलेला. "भंतेंचं जेवण झाल्याशिवाय हलणार नाही," म्हणाला. मावशी चरफडत सभामंडपात येऊन बसली.

आचार्य वाचत होता. मी पेंगत होतो.

"तेप मुट. त्यांची पत्नी चिम लोन. मुलगी तेप यान. आणि गेल्या वैशाखात वारलेला मुलगा, तेप रिन."

मावशी बोटांना चिकटलेली शितं काढत होती. तिचे हात थांबले.

"सारेथ, त्यानं माझं नाव घेतलं का रे?"

"घेतलं."

"मेलेल्यांत?"

"हो, मावशी."

ती उठली, आचार्याला विचारलं आणि ज्या बाईनं ती नावं दिली होती तिच्यासमोर जाऊन बसली. पांढऱ्या कपड्यातली बाई, पन्नाशीची. तिचं नाव फाली.

"यान तुमची कोण?" मावशीनं विचारलं.

"नणंद. यांच्या लहानपणीच गेली, उपासमारीत."

"मीच यान."

फालीनं मावशीचं मनगट धरलं. गरम आहे का ते बघत असावी. मग ती हळूहळू सांगायला लागली. रिन टोळीतून पळाला होता. जीव वाचवायला त्यानं दुसऱ्याच पोराचं नाव घेतलं आणि पुढं तेच चिकटलं. त्याच्या मूळ गावच्या कुणीतरी त्याला सांगितलं, तुझ्या घरचं कुणी उरलं नाही. मग तो इथंच राहिला, तांदळाचे पातळ पापड करून विकायचा. खरं नाव फक्त बायकोला माहीत होतं.

"तीन वर्षांपूर्वी, या दिवसांत कुठं होता तो?"

"इथंच की. दर पहाटे तुमच्या नावानं भात टाकायचे."

"मीही इथंच होते," मावशी म्हणाली. "अंधार होता."

मला रडू फुटलं. मावशी माझ्याकडे परक्यासारखी बघत राहिली. "मला काहीच वाटत नाहीये, सारेथ. वाटायला हवं ना?" तिचा चेहरा गवत उपटताना असतो तसाच होता.

फालीनं डबा उघडला आणि केळीच्या पानात बांधलेला चिकट भाताचा अन्सोम काढून मावशीसमोर ठेवला. "हा तुमचाच. दरवर्षी तुमच्या नावाचा वेगळा करते, डुकराचं मांस न घालता. ते सांगायचे, ताईला आवडत नाही."

मावशीनं पान सोडलं आणि कोरडा भात सगळा खाल्ला. पानाला चिकटलेलं शीतही सोडलं नाही. फाली समाधानानं बघत होती.

साखळी बसली तेव्हा दुपार झाली होती. मावशी फाटकाशी येऊन उभी राहिली.

"मला आवडायचं रे मांस," ती म्हणाली. "घरात एकच तुकडा असायचा."

मी गाडी सुरू केली. "मावशी, चार विहार राहिलेत."

"राहू देत. इतकी वर्षं तो घरी जेवत होता. उपाशी यंदाच आहे," ती म्हणाली आणि उद्याचे तांदूळ भिजत घालायला परत आत गेली.